हा टाइपरायटर नव्हे

आमच्या घरी सकाळी सहा ते सात या तासात कुणी ना कुणी, कसली ना कसली तक्रार घेऊन येतेच. दूध पातळ आल्याची तक्रार सासूबाई करतात, नळाला पाणी बारीक आल्याची आमचे हे करतात, आणि मुलीची तक्रार एवढीच असते की तिला उठवलेच का. गेल्या वर्षी आश्विनात या तिघांत एका चौथ्या तक्रारदाराची भर पडली. मी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसावे, कॉम्प्युटरची कळ दाबावी, आणि पडदा उजळतो न उजळतो तोच त्याच्या मधोमध एक चौकट येऊन उभी राहावी. तिच्यातल्या इंग्रजीचा मराठी मतलब असा : सिस्टिमच्या एका प्रोग्रॅममध्ये बिघाड आढळला आहे; तो आता कळवायचा आहे का? खाली दोन बटणे. एक 'कळवा' म्हणणारे, दुसरे 'रद्द करा' म्हणणारे.

आता बिघाड कशात, केव्हा, केवढा, याचा त्या चौकटीत काडीचाही पत्ता नाही. वर्गात एखादा मुलगा उभा राहून "बाई, कुणीतरी काहीतरी केलंय" असे सांगतो ना, तसाच हा प्रकार. अशा मुलाला मी "बस खाली" म्हणते. या चौकटीलाही मी तेच म्हटले आणि 'रद्द करा' दाबले. चौकट गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर! तिसऱ्या दिवशीही तीच.

हा कॉम्प्युटर मला माझ्या धाकट्या भावाने आणून दिलेला. २०१६ साली, आमचे बाबा गेले त्या वर्षी. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेले यंत्र त्याने स्वस्तात घेतले, झाडूनपुसून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "ताई, यात लिनक्स घालून देतो. फुकट असतं, जुन्या यंत्राला झेपतं, आणि तुझ्या कादंबरीला पुरेसं आहे." 'तुझ्या कादंबरीला पुरेसं' हे शब्द मला तेव्हा जरा टोचले होते, पण यंत्र फुकट मिळत असताना लेखिकेने फार टोचून घेऊ नये.

लिनक्स म्हणजे काय, हे मला पुष्कळ उशिरा कळले. यंत्राच्या पोटात एक कारभारी लागतो. कुठल्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कळफलकावरची अक्षरे कुणाकडे पोचवायची, छपाईचे काम कुणाच्या गळ्यात घालायचे, हे सारे तो पाहतो. १९६९ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी असा एक कारभारी घडवायला घेतला. त्याचे नाव युनिक्स. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याच वळणावर आपला नवा कारभारी लिहिला आणि तो सर्वांना मोकळा करून दिला. तेव्हापासून देशोदेशीचे लोक त्यात भर घालत आले आहेत. कुणी चुका दुरुस्त करतो, कुणी मराठी अक्षरे बसवतो. गावकीच्या विहिरीसारखे आहे हे. पाणी कुणीही भरावे, गाळही सर्वांनीच उपसावा.

पण गाळ वेळच्या वेळी उपसावा लागतो. म्हणजे दर काही काळाने जुनी आवृत्ती काढून नवी चढवावी लागते. माझ्या भावाने घातलेल्या आवृत्तीला पाच वर्षांची मुदत होती. ती २०२१ सालीच संपली होती. मग इतके दिवस ती मी बदलली का नाही? बदलायला भावाला बोलवावे लागले असते, आणि भावाला बोलवायचे नव्हते. का नव्हते, ते पुढे येईलच.

यंत्राचीच शेवटी वेळ आली. ज्या संपादकांना मी मजकूर पाठवते त्यांची टपाल उघडण्याची खिडकीच उघडेना. 'तुमचे साधन फार जुने झाले आहे' असा शेरा यायला लागला. पंचेचाळिशीच्या बाईला हा शेरा रोज सकाळी वाचायला मिळणे बरे नव्हे. घरात दिवाळीची झाडलोट चाललीच होती. माळ्यावरची पिंपे खाली आली होती. म्हटले, होऊन जाऊ दे याचीही झाडलोट. शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर मी एकटीच बसले आणि 'आवृत्ती चढवा' हे बटण दाबले.

एकदम वरच्या मजल्यावर जाता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते, असे यंत्राने बजावले. ठीक, म्हटले, पहिली पायरी चढू. मग ते सामान आणू लागले. दीड हजारांच्या वर नग! लग्नघरातही इतके उतरत नाही. मधूनमधून ते थांबे आणि मला एक प्रश्न विचारी : अमुक एका प्रोग्रॅमच्या मांडणीची टिपणी तुमच्याकडे बदललेली आहे, नव्या आवृत्तीबरोबर तिची नवी प्रत आली आहे, नवी घेऊ की तुमची जुनी ठेवू? मी प्रत्येक वेळी उत्तर दिले, जुनीच ठेव. एकदाही थांबून वाचले नाही. बारा वाजले तसा डोळा लागायला लागला. यंत्राला "चालू दे तुझे" असे सांगून मी निजले.

सकाळी पाहते तो यंत्र बंद. मी समजले, काम आटोपून शहाण्यासारखे आपणच निजले. कळ दाबली. उजळले. आणि ती चौकट! ती रद्द करून कादंबरी उघडली, आणि जीव थाऱ्यावर राहिला नाही. कादंबरी दिसत होती, चौदाही प्रकरणे होती. पण एक मराठी अक्षर उमटेल तर शपथ. कळफलक फक्त इंग्रजी बोलत होता. दुसरे काही उघडायला गेले की ओळींमागून ओळी : हे सापडत नाही, ते अर्धवट आहे, अमक्याचे तमक्यावाचून अडले आहे. पंधराव्या प्रकरणात नायिका दारात उभी होती, आणि तिला आत घ्यायला माझ्याजवळ 'ये' हा शब्दही नव्हता.

घरच्या मंडळींनी आपापल्या परीने उपचार केले. ह्यांनी "बंद करून चालू कर" हे आपले एकमेव शास्त्र तीनदा लावून पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "नवं काहीतरी घातलंस ना? मग ते काढ." शाळेतल्या आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्यापेक्षा नवीन घ्या ना बाई." मुलगी म्हणाली, "मामाला फोन कर की." यावर मी गप्प बसले.

आता मी काही शिकली-सवरलेली बाई नव्हे. मॅट्रिक म्हणा, दहावी म्हणा, माझी विद्या तिथे थांबली. पुढे हातात कुंचला होता म्हणून शाळेत चित्रकला शिकवायला लागले. पण पंचवीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईला चूक दाखवणे ही काय चीज आहे, ते थोडेबहुत कळते. चूक दाखवणारे दोन प्रकारचे. एक जण काठावर प्रश्नचिन्ह काढून मोकळा होतो. दुसरा कुठे काय चुकले ते लिहितो. युनिक्सच्या बाल्यात मजकूर दुरुस्त करण्याचा 'ईडी' नावाचा एक प्रोग्रॅम थॉम्प्सननी लिहिला होता. तुम्ही काहीही चुकलात, की तो उत्तरादाखल फक्त '?' एवढेच चिन्ह काढी. आमचे एक गणिताचे सर तसेच होते. दुसऱ्या टोकाला छपाईयंत्राबद्दलची एक ओळ या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. छपाईयंत्राचे काहीतरी बिनसले आहे पण नेमके काय ते कळत नाही, अशा वेळी ती चक्क 'छपाईयंत्र पेटले आहे' असे सांगे! म्हणजे एक मुखदुर्बळ आणि दुसरा आगलाव्या. आपल्या नात्यागोत्यांतही हे दोन्ही नमुने सापडतात.

मला हे सारे कुणी सांगितले, तर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. एके काळी चित्रकलेच्या तासाला हा माणसाचे नाक कधी धड काढीत नसे. पुढे पवईच्या आयआयटीतल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाचे दहा-दहा मिनिटांचे मराठी पाठ ऐकून तो लिनक्स शिकला, आणि आता त्याच विद्येवर पोट भरतो. चौथ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, मिठागर रोडवर मला भाजीच्या गाडीशी भेटला. मेथीची जुडी हातात धरून मी त्याला सगळी कथा सांगितली. तो तसाच माझ्याबरोबर घरी आला.

आल्याबरोबर त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर माझ्या कादंबरीची एक प्रत काढून बोटभर पेटीत ठेवली. "बाई, औषध देण्याआधी एवढं करायचं," तो म्हणाला. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सोडल्या. मी सवयीप्रमाणे अगदी खालची ओळ वाचायला गेले.

"शेवटची नको बाई, पहिली वाचा. एक गोष्ट अडली की तिच्यामागून दहा अडतात, आणि प्रत्येक जण आपापली तक्रार लिहून ठेवतो. शेवटचा ओरडतो तो मोठ्यांदा, पण त्याचा काही दोष नसतो."

पहिली ओळ सापडली. तिचा अर्थ असा होता, की सामान मांडून ठेवणाऱ्याचे काम मध्येच तुटले आहे. रविवारी पहाटे तीनच्या सुमारास आमच्या भागातली वीज काही मिनिटे गेली होती. शेजारच्या काकूंचा पंखा बंद पडला म्हणून त्या उठल्या होत्या, त्यांनीच ते नंतर सांगितले. यंत्र शहाण्यासारखे निजले नव्हते. बिचारे हातात अर्धवट सामान घेऊन कोसळले होते. पुष्कळसे नग घरात आले होते, पण जागेवर लागले नव्हते. त्यांत मराठी कळफलकाचे खटलेही होते.

त्याने मला एक आज्ञा टंकायला लावली. 'अर्धवट राहिलेले सगळे पुरे कर', एवढाच तिचा अर्थ. तिच्या आधी 'सुडो' हा शब्द लावावा लागतो. त्याने घरच्या मालकाचा अधिकार चालवता येतो. आणि गंमत अशी की पहिल्यांदा हा अधिकार मागणाऱ्याला यंत्र तीन उपदेश करते : दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींचा मान राखा, टंकण्यापूर्वी विचार करा, आणि हाती मोठी सत्ता आली की जबाबदारीही तेवढीच येते. बोहल्यावर चढणाऱ्यांनाही हे तिन्ही कुणीतरी सांगायला हवेत. मी परवलीचा शब्द दिला. ओळी धावल्या, पाच-सात मिनिटांनी थांबल्या. कळफलकावर मी भीत भीत 'ये' टंकले. उमटले! नायिका आत आली.

पण यंत्र पुन्हा चालू केले, आणि चौकट हजर. बिघाड आढळला आहे. कळवायचा आहे का?

"आता कसला बिघाड?" मी रडकुंडीला आले.

"बघू या ना," तो म्हणाला. यंत्राच्या पोटात एक कोनाडा असतो. कुठलाही प्रोग्रॅम कोसळला, की त्याचा पंचनामा एका कागदावर होतो आणि तो कागद त्या कोनाड्यात पडतो. मालकाने लॉगिन केले, की एक चोपदार कोनाड्यात डोकावतो. कागद दिसला की वर्दी देतो. मी तर रोज 'रद्द करा' म्हणत होते. म्हणजे वर्दी देणाऱ्याला हाकलत होते. कागद जिथल्या तिथे होता. त्याने कागद उघडला. वर प्रोग्रॅमचे नाव, खाली तारीख आणि वेळ. रविवार, पहाटे दोन वाजून दहा मिनिटे. छपाईयंत्राची देखरेख करणारा एक लहानसा प्रोग्रॅम, त्याचेच सुटे भाग बदलले जात असताना, चालता चालता कोसळला होता. वीज जाण्याच्याही आधी.

"मग आता तो नीट नाही?"

"बाई, तो तर केव्हाच नीट झाला. त्याची नवी प्रत बसली, चाललीय. बिघाड एकदाच झाला, त्या रात्री. तुम्हाला रोज सकाळी दिसतो तो बिघाड नाही, त्याची बातमी."

मी म्हटले, "मग फेकून दे तो कागद."

"फेकू. पण आधी एकदा वाचायचा, बाई. न वाचता फेकला आणि दुखणं खरंच आत असलं, तर उद्या नवा कागद येतो."

कागद वाचून झाला, पुसला. तो उरलेल्या ओळी चाळीत होता, तेवढ्यात एका ओळीवर थांबून हसला. त्या ओळीत म्हटले होते, की अमुक साधनाला ही आज्ञा लागू नाही. "या ओळीला पूर्वी काय म्हणायचे, ठाऊक आहे? 'हा टाइपरायटर नव्हे'!"

मीही हसले, पण माझे हसू मध्येच थांबले. त्याचे लक्ष नव्हते. तो समजावून सांगत होता. युनिक्स जन्मले तेव्हा आजच्यासारखे पडदे नव्हते. लोक टेलिटाइप नावाच्या, कागदावर खडखडाट करीत छापणाऱ्या टाइपरायटरवर बसून यंत्राशी बोलत. म्हणून आपला मजकूर कुठे चालला आहे हे प्रोग्रॅम आधी चाचपून पाही : समोर टाइपरायटर आहे की नाही? नसला तर 'नाही' अशी एक खूण एका ठरलेल्या जागी पडे. त्यात काही बिघडत नसे, काम पुढे चाले. पण ती खूण कुणी पुसत नसे. पुढे काम यशस्वी झाले तरी जुनी खूण तशीच. मग केव्हातरी भलतेच काही अडले, समजा पत्र पोचले नाही, आणि लिहिणाऱ्याने हयगय केलेली असली, की प्रोग्रॅम त्या जागेवर जाई, तिथे पडलेली खूण उचली, आणि मालकाला सांगे : पत्र पोचले नाही, कारण, हा टाइपरायटर नव्हे. लोक डोक्याला हात लावीत. पत्राचा आणि टाइपरायटरचा काय संबंध?

संबंध नव्हता खरा. पण मला तो चांगलाच ठाऊक होता.

आमचे बाबा मुलुंडमध्येच, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्याच्या कचेरीत टंकलेखक होते. निवृत्त होताना कचेरीतला जुना मराठी टाइपरायटर त्यांनी विकत घेतला. गोदरेजचा. (आपल्या देशात तयार झालेला पहिला टाइपरायटर गोदरेजनेच १९५५ साली काढला, हे बाबा पाहुण्यांना दर वेळी सांगत.) चाळीतल्या आमच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर तो असे. लोकांचे अर्ज, भाडेपावत्या, लग्नाच्या याद्या, सगळे त्याच्यावर निघे. मीही त्याच्यावरच टंकायला शिकले. त्याच्यावर ऱ्हस्व वेलांटी आधी ठोकायची आणि अक्षर मागून. कारण वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते. अर्धा 'ग' ठोकून मग त्याला काना दिला की तो पुरा होई. बाबा म्हणत, "मराठीत पुष्कळ अक्षरं काना देईपर्यंत अर्धीच असतात." माझी पहिली कादंबरी त्यांनी, माझे अक्षर लागत नाही अशी कुरकुर करीत, त्या यंत्रावर टंकून दिली.

२०१८ च्या मार्चमध्ये चाळ रिकामी करायची तारीख आली. नवी इमारत व्हायची होती. भावाने खोली आवरली आणि बाबांचा टाइपरायटर भंगारवाल्याला दिला. मला न विचारता. हे मला आठ दिवसांनी कळले. मी त्याच्याशी भांडले नाही, हे वाईट. भांडले असते तर त्या दिवशीच काय ते झाले असते. मी फक्त खूण ठेवली.

त्यानंतर सहा वर्षे, भाऊ बदलापूरहून उशिरा आला की मी म्हणे, "तुला कशाची कदर असते?" त्याने आणलेली साडी मला आवडली नाही की मी म्हणे, "विचारायची तुझी पद्धतच नाही." त्याच्या बायकोने फोन उचलला नाही, तरी माझ्या मनात तेच. गाडी चुकली होती, साडीचा रंग चुकला होता, फोन चार्जिंगला होता. आणि मी प्रत्येक वेळी जाऊन ती एकच खूण उचलून त्याच्या तोंडावर मारीत होते : हा टाइपरायटर नव्हे. बिचारा डोक्याला हात लावून बसे. दर भाऊबीजेला तबकातली ज्योत त्याच्या तोंडाभोवती फिरवताना माझ्या डोक्यातला चोपदार वर्दी देई, मी 'रद्द करा' दाबी आणि वर हसून दाखवी.

विद्यार्थी चहा घेऊन गेला. उरलेल्या पायऱ्या रविवारी चढवू, म्हणाला. मी दिवा न लावता तशीच बसले. आधी एकदा वाचायचा, असे त्याने सांगितले होते. मी सहा वर्षांत तो कागद कधी उघडलाच नव्हता. नुसते वरचे नाव वाचून रद्द करीत होते.

तारीख : मार्च २०१८. त्या पंधरवड्यात मी कुठे होते? दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक होते. रोज सकाळी दुसऱ्या शाळेत जायचे, पेपर वाटायचे, गोळा करायचे, दुपारी डोके धरून यायचे. भावाचा फोन आला होता. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा म्हणाला, ताई, येऊन बघून जा. दुसऱ्यांदा म्हणाला, निदान काय काय ठेवायचं ते सांग, माझ्याकडे एकच खोली आहे. तिसऱ्यांदा मी पाणी तापत ठेवले होते, उशीर झाला होता, मी म्हटले, आणि माझा स्वर मला आता चांगला आठवला, "मला या फंदात पाडू नकोस. तुला योग्य वाटेल ते कर."

त्याने केले. तीन दिवस एकट्याने, बाबांच्या चाळीस वर्षांच्या संसाराचे गाठोडे बांधले. आवृत्ती चढवताना यंत्राने मला जसे दर वेळी थांबून विचारले, तसेच त्याने मला विचारले होते : हे ठेवू की ते? यंत्राची रीत अशी, की तुम्ही जुने ठेवा म्हटले तर नवी प्रत ते बाजूला जपून ठेवते. नवे घ्या म्हटले तर जुनी प्रत जपते. दोन्हीला त्याच्याकडे जागा असते. भावाकडे तेवढी जागा नव्हती. आणि माझ्याकडे? माझ्याकडे जागा होती. उत्तर द्यायला वेळ नव्हता.

हे वाचून मला बरे वाटले असे मी म्हणणार नाही. सहा वर्षे दुसऱ्याच्या नावावर ठेवलेल्या कागदावर आपली सही निघाली, तर कुणाला बरे वाटेल? टाइपरायटर तर गेला तो गेलाच. तो भंगारात जायला नको होता, हे मला आजही वाटते. पण बिघाड एकदाच झाला होता. रोज येत होती ती बातमी.

रात्री मी भावाला फोन केला. एक घंटा वाजते न वाजते तोच त्याने उचलला.

"हॅलो ताई? काय बिघडलं?"

सहा वर्षांत मी त्याला काही बिघडल्यावाचून फोन केला नव्हता, हे मला तेव्हा कळले.

"काही बिघडलेलं नाही," मी म्हटले.

"मग?"

"मग काही नाही. भाऊबीजेला जरा लवकर ये. जेवायलाच या सगळे."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. युनिक्सच्या जुन्या मंडळींचा एक दंडक आहे, की काम नीट झाले तर यंत्राने काही बोलू नये. अडले तरच बोलावे. म्हणून तिथे शांततेचा अर्थ 'ठीक आहे' असा होतो. त्या शांततेचाही मी तसाच अर्थ लावला.

भाऊबीजेला तो सकाळच्या गाडीने आला. ओवाळून झाल्यावर, तबक खाली ठेवण्याआधी, मी त्याला म्हटले, "त्या मार्चमध्ये तू तीनदा फोन केला होतास. तुला योग्य वाटेल ते कर, असं मीच म्हटलं होतं. माझ्या लक्षात आहे."

तो तबकातल्या निरांजनाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तू ते विसरलीस."

दुपारी जेवण झाल्यावर तो माझ्या यंत्रापुढे बसला. सगळ्या पायऱ्या चढून झालेल्या पाहून त्याने भुवया उंचावल्या, एक-दोन गोष्टी सारख्या केल्या, आणि मराठी अक्षरे जरा ठळक करून दिली. आता माझा चश्मा वाढला आहे, हे त्याने न विचारता ओळखले. मी काही बोलले नाही.

चौकट अजूनही वर्षा-सहा महिन्यांतून एखाद्या सकाळी येते. यंत्र आहे, यायचीच. पण आता मी ती रद्द करीत नाही. चहाचा घोट घेते, कागद उघडते, आणि सगळ्यांत आधी तारीख पाहते.